सेकंड इयरला दोन विषय राहिले. कॉम्प्युटरची डिग्री की ऐंशी हजारांचा कोर्स?

प्रश्न थोडक्यात असा: दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी तालुक्याच्या गावी, सीईटीला बरे मार्क पडले म्हणून पुण्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ॲडमिशन. फर्स्ट इयर निघालं. सेकंड इयरच्या पहिल्या सेमला एम-थ्री (इंजिनिअरिंगचं तिसरं गणित) आणि डेटा स्ट्रक्चर्स (माहिती मेमरीत कशी मांडायची, तो विषय) राहिले. होस्टेलवरच्या मैत्रिणी म्हणतात, कॉलेजात काही शिकवत नाहीत, त्यापेक्षा फुल स्टॅकचा, म्हणजे अख्खी वेबसाइट पुढून-मागून बनवायला शिकवणारा, कोर्स लाव. फी ऐंशी हजार. वडील म्हणतात, तूर विकली की भरू. तर कोर्स लावावा का, आणि या डिग्रीचा पुढे खरंच काही उपयोग होतो का?

आधी पैशाचं बोलू. वडिलांना आजच फोन करून सांग, तुरीचे पैसे घरात राहू देत. सगळेच कोर्स वाईट असतात असं मी म्हणत नाही, काही ठिकाणी चांगली माणसं शिकवतात. पण फुल स्टॅकच्या नावाखाली जे शिकवतात, म्हणजे एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, रिॲक्ट, नोड आणि एखादा डेटाबेस, ते सगळं फुकट मिळतं. थर्ड इयरला मिनी प्रोजेक्ट करायला बसलीस की दोन-तीन महिन्यांत ते आपोआप अंगवळणी पडेल. डेटा स्ट्रक्चर्स मात्र तिथे फारसं कुणी शिकवणार नाही, आणि मुलाखतीला बसलीस की पहिल्यांदा विचारणार तेच. आज जो विषय टाळण्यासाठी ऐंशी हजार भरशील, तोच दोन वर्षांनी टेबलाच्या पलीकडे बसलेला असेल.

माझी ओळख एवढीच की मी पंचवीसहून जास्त वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते आहे आणि बरीच वर्षं ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नल (बाहेरची परीक्षक) म्हणूनही जाते. त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्या आहेत.

तुझ्या मैत्रिणी म्हणतात त्यात तथ्य नाही असं नाही. एक्स्टर्नल म्हणून गेलं की समोर आधी जर्नलांचा गठ्ठा येतो, मग चहा येतो, मग मुलं रोल नंबरप्रमाणे यायला लागतात. एका वर्षी विद्यार्थ्यांची माहिती साठवण्याच्या प्रोग्रामचं आउटपुट चाळत होते. बारा जर्नलांत तीच तीन नावं, तेच मार्क, आणि ‘पर्सेंटेज’चं स्पेलिंग बाराही ठिकाणी एकाच पद्धतीनं चुकलेलं. कुणा सीनियरनं कधीकाळी तो प्रोग्राम खरोखर चालवला असणार. त्यानंतर तो नुसता उतरवला जात होता. मुलांना काय बोलणार? सबमिशनच्या आठवड्यात रात्री अडीचला मेसच्या टेबलावर बसून मीही हेच केलेलं आहे.

त्याच दिवशी एक मुलगी आली. स्टॅक म्हणजे काय, असं विचारलं. ‘स्टॅक इज अ लिनियर डेटा स्ट्रक्चर इन विच’ एवढं म्हणून तिची गाडी अडली. डोळ्यांत पाणी. म्हटलं, मराठीत सांग. तिनं क्षणभर स्वतःच्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मॅडम, बांगड्या. शेवटी घातलेली आधी निघते.’ मग मी पुढचं विचारलं: एखाद्या फंक्शननं स्वतःलाच बोलावलं तर? थोडा वेळ घेऊन म्हणाली, ‘दर वेळी एक नवी बांगडी. काम झालं की ती निघते आणि तिच्या आतली पुढे चालू होते.’ आणि थांबायची अट लिहायची राहिली तर? ‘मग कोपरापर्यंत येतील, पुढे जागाच नाही.’ स्टॅक ओव्हरफ्लोची, म्हणजे स्टॅकची जागा संपण्याची, याहून चांगली व्याख्या मी आजवर ऐकलेली नाही. पंचवीसपैकी तेवीस दिले. बाहेर येऊन तिथल्या सरांनी मला विचारलं की एवढे का, तो भाग वेगळा.

तेव्हा इंग्रजीचं ओझं आधी उतरव. समजून घेताना मराठीत घे, पण शब्द आहेत तेच ठेव. पॉइंटरला (मेमरीतली जागा दाखवणाऱ्या बाणाला) पॉइंटर म्हण, नोडला (लिस्टमधल्या एका डब्याला) नोड. ‘दर्शक’ आणि ‘संधी’ शोधत बसू नकोस, त्या शब्दांत तुला कुणी प्रश्न विचारणार नाही. पेपरात साधी, तुटक इंग्रजी वाक्यं चालतात, आणि आकृती नीट असेल तर निम्मं उत्तर तीच देते.

आता उपयोगाचं. हे तत्त्वज्ञान सांगून पटत नाही, म्हणून माझीच एक फजिती सांगते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नवीन नोकरीला लागले होते. आमच्याकडे एका साखर कारखान्याचं काम आलं. खिडकीवर सभासद क्रमांक टाकला की नाव, गाव आणि उसाचा हिशोब पडद्यावर यायला हवा. सभासद वीस हजारांच्या घरात. आकडेमोड सोपी जावी म्हणून नेमके २०,००० धरू. क्रमांक चढत्या क्रमानं लावलेलेच होते, म्हणून मी बायनरी सर्च लिहिला: यादीच्या मधला क्रमांक बघायचा, आपला माणूस ज्या अर्ध्यात असेल तेवढंच ठेवायचं, पुन्हा त्याच्या मधला बघायचा. सी भाषेचा त्या काळचा कंपायलर टर्बो सी, निळा पडदा. ऑफिसात पाचशे नावांवर तपासला आणि खुशीत गावी गेले. पहिल्याच दिवशी खिडकीशी माणसं उभी आणि मशीन म्हणतंय, ‘सभासद नाही’. आणि नाही म्हणतंय ते नेमकं यादीच्या शेवटच्या, म्हणजे अलीकडे शेअर घेतलेल्या सभासदांना. कारखान्याची निवडणूक तोंडावर होती. अर्ध्या तासात गोष्ट मशीनवरून राजकारणावर गेली: नव्यांची नावं मुद्दाम उडवली म्हणून.

रात्री गेस्ट हाउसवर कागद घेऊन बसले. मशीन बाजूला ठेवलं आणि मशीनचं काम स्वतः करायला लागले. तीन रकाने आखले: लो, हाय, मिड, म्हणजे उरलेल्या यादीची सुरुवात, शेवट आणि मध्य. मशीन शून्यापासून मोजतं. शोधायचा आहे शेवटचा सभासद. पहिली ओळ: लो ०, हाय १९,९९९, बेरीज निम्मी केली, मिड ९,९९९. आपला माणूस त्याच्या पुढे आहे, म्हणून लो झाला १०,०००. दुसरी ओळ: १०,००० अधिक १९,९९९ म्हणजे २९,९९९, मिड १४,९९९. अजून पुढे, लो १५,०००. तिसरी ओळ: १५,००० अधिक १९,९९९, म्हणजे ३४,९९९.

इथे पेन थांबलं. टर्बो सीमधला इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा कप्पा, दोन बाइटचा. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. त्यापुढे गेलं की मीटरचे आकडे उलटतात तसं होतं, ६५,५३६ वजा होतात. ३४,९९९चे झाले उणे ३०,५३७ आणि त्याचे निम्मे उणे १५,२६८. माझा प्रोग्राम यादीच्या सुरुवातीच्याही पंधरा हजार घरं मागे जाऊन सभासद शोधत होता. सी भाषा अशा वेळी अडवत नाही. तिथे मेमरीत जो काही कचरा पडला असेल तो उचलते आणि त्याच्याशी तुलना करते. कचरा मोठा निघाला तर शोध तिथेच संपतो: ‘सभासद नाही’. लहान निघाला तर शोध भलत्याच जागेवरून पुन्हा सुरू होतो. एखादा त्यातही सापडून जायचा, एखाद्याच्या वेळी मशीन नुसतंच गिरक्या घेत बसायचं. पहिले १५,००० सभासद बिनबोभाट सापडत होते, शेवटचे ५,००० अडकत होते. माझ्या पाचशे नावांच्या चाचणीत यातलं काही दिसणं शक्यच नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची. दोघांची बेरीज करून निम्मी करायची नाही. दोघांमधलं अंतर निम्मं करून ते लोमध्ये मिळवायचं. लो + (हाय − लो) / २. गणितात दोन्ही एकच, मशीनमध्ये नाही.

त्या कागदावरच्या तिसऱ्या ओळीकडे मी बराच वेळ बघत बसले होते. बायनरी सर्च डेटा स्ट्रक्चर्समधला. ऋण संख्या टूज कॉम्प्लिमेंटमध्ये कशा साठवतात, हे डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये घोकलं होतं आणि पेपर झाल्यावर सोडून दिलं होतं. बेरीज मावली नाही की ८०८६ हा प्रोसेसर ओव्हरफ्लो फ्लॅग वर करतो, हे मायक्रोप्रोसेसरमध्ये होतं. हा विषय, खरं सांगायचं तर, माझाही राहिला होता. आणि ‘शोधायची वस्तू प्रत्येक फेरीनंतर लो आणि हायच्या मध्येच राहिली पाहिजे’ ही अट म्हणजे डिस्क्रीट मॅथ्समधला इंडक्शन (एक पायरी खरी तर पुढचीही खरी, अशी सिद्धता), ज्याचा कॉम्प्युटरशी काय संबंध असं आम्ही मागच्या बाकावर बसून विचारायचो. चार विषय, चार वह्या, चार वेगळे सर. ते एकमेकांना ओळखतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गेस्ट हाउसच्या साठच्या बल्बखाली ते चौघे एका ओळीत भेटले.

बरं, ही नवख्या मुलीची चूक म्हणावी तर तसंही नाही. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत बायनरी सर्चची हीच ओळ सुमारे नऊ वर्षं चुकीची होती. ती लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली स्वतःच ते जाहीर केलं. जावातला इंट चार बाइटचा, मर्यादा २१४ कोटींच्या पुढे, त्यामुळे यादी शंभर कोटींच्या पार गेल्याशिवाय चूक दिसणार नव्हती. माझी वीस हजारांत दिसली, कारण मशीन छोटं होतं.

डिग्रीचा उपयोग मी विचारशील तर हा सांगेन. विषय सुटे सुटे शिकवतात हा दोष खरा आहे, आणि तो तुझ्या एकटीच्या कॉलेजचा नाही. पण ते एकत्र आणायचं काम तू स्वतः करू शकतेस, आणि त्याला लागते शंभर पानी वही.

डेटा स्ट्रक्चर्स काढायचं तर असं काढ. प्रोग्राम हातात आला की लगेच रन करू नकोस. आधी वहीत रकाने आख, प्रत्येक व्हेरिएबलला एक, आणि एकेक ओळ स्वतः चालव. याला ड्राय रन म्हणतात हे तुला सांगितलेलं असेलच, पेपरातही पाच मार्कांना येतो. पण पाच मार्कांपुरता करायचा तो प्रकार नाही.

लिंक्ड लिस्टला रकान्यांऐवजी चौकोन काढ. १०, २०, ३० असे तीन डबे, प्रत्येकातून पुढच्याकडे बाण. आता २० आणि ३०च्या मध्ये २५ घालायचा. काम दोन बाणांचं. आधी २५चा बाण ३०कडे लाव, मग २०चा बाण खोडून २५कडे वळव. झालं. आता हीच दोन कामं उलट क्रमानं कर. २०चा बाण आधी २५कडे वळवला. मग प्रोग्राम म्हणतो, २५चा बाण तिकडे लाव जिकडे २० बघतोय. २० कुठे बघतोय? २५कडेच. म्हणजे २५ स्वतःकडेच बोट दाखवत बसला, आणि ३०कडे जाणारा एकही बाण शिल्लक नाही. लिस्ट छापायला लावलीस तर १०, २०, २५, २५, २५... हात दुखेपर्यंत. पेन्सिलीनं हे एकदा केलंस की त्या दोन ओळींचा क्रम पाठ करावा लागणार नाही.

ओरलला मी हेच करते. मुलाचा प्रिंटआउट घेते, त्यातल्या दोन ओळी पेनानं उलट्या करते आणि विचारते, आता काय होईल? चौकोन काढलेलं पोर दहा सेकंदांत सांगतं. बाकीची माझ्याकडे अशी बघतात जणू मी त्यांचं सामान हलवलं. हल्ली बरेचसे प्रिंटआउट चॅटजीपीटीकडून आलेले असतात. ते ओळखू येतात; कॉमेंट फार सुंदर असतात. मला त्याचा राग नाही, मीही रोज ऑफिसात ही साधनं वापरते. पण मी वापरते ते उत्तर आलं की त्यातली तिसरी ओळ मला खटकते म्हणून. ती खटकण्याची सवय तुला अजून लागायची आहे आणि ती दुसऱ्याच्या उत्तरातून लागत नाही. आधी वहीत स्वतः कर, चुकू दे. मग त्याला दाखव आणि विचार, माझं कुठे चुकलं.

एम-थ्रीबद्दल माझं मत सगळ्यांना पटणारं नाही. तुझ्या सिलॅबसमध्ये स्टॅटिस्टिक्स आणि प्रोबॅबिलिटी असेल तर ते युनिट मनापासून कर. मशीन लर्निंगच्या नावाखाली पुढे जे येतं त्याची मुळं तिथे आहेत. बाकीचं पास होण्यापुरतं. मागच्या पाच-सहा वर्षांचे पेपर घे, घड्याळ लावून सोडव, उत्तरं बघून नाही. गणित ‘समजतं पण पेपरात सुटत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी ते सोडवलेलं नसतं, वाचलेलं असतं.

बॅकलॉग, म्हणजे राहिलेले विषय, किती असले की पुढच्या वर्षाला बसता येतं, याचे नियम पॅटर्न बदलला की बदलतात. सीनियरचं ऐकू नकोस, तुझ्या बॅचचं परिपत्रक कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन स्वतः वाच. फॉर्म भरायची तारीख हुकल्यामुळे वर्ष गेलेली हुशार मुलं मी बघितली आहेत.

लॅपटॉपचं तू विचारलं नाहीस, पण घरी विषय निघणारच. नवा, गेमिंगचा, सत्तर हजारांचा लागत नाही. ओळखीच्या माणसाकडून तपासून घेतलेला जुना चालेल, फक्त आठ जीबी रॅम आणि एसएसडी असू दे. त्यावर लिनक्स टाक. टाकताना जे बिघडेल ते निस्तरण्यात ऑपरेटिंग सिस्टिमचं निम्मं युनिट होऊन जाईल. तोवर कॉलेजची लॅब आहे, आणि ॲन्ड्रॉइड फोनवर टर्मक्स हे ॲप घेतलंस तर सीचा कंपायलर फोनवरही चालतो. छोट्या पडद्यावर टाइप करताना वैताग येईल. मग माणूस टाइप करण्याआधी विचार करतो, तेवढाच फायदा.

पुढच्या वर्षी डीबीएमएस (डेटाबेसचा विषय) येईल, ऑपरेटिंग सिस्टिम येईल, नेटवर्क्स येईल. डीबीएमएसला क्वेरी पाठ करू नकोस. होस्टेलच्या मेसचा हिशोब टेबलांत बसव: कोण, कुठला महिना, किती खाडे, किती बाकी. एकाच मुलीचा फोन नंबर बारा ओळींत आला आणि तिनं नंबर बदलला की नॉर्मलायझेशन, म्हणजे एक माहिती एकाच जागी ठेवणं, कशाला लागतं ते कळेल. एडगर कॉड यांनी ही टेबलांची कल्पना मांडली ती १९७० साली. फ्रेमवर्क दर दोन वर्षांनी बदलतात, ही अजून बदललेली नाही. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनला सगळे शिव्या देतात. मीही दिल्या.

गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) द्यायचं मनात आलं तर तीन तासांचा, शंभर मार्कांचा पेपर आहे, आणि त्यात हेच विषय: डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट, डिजिटल, ओएस, डीबीएमएस, नेटवर्क्स. डिग्रीनंतर सीडॅक या सरकारी संस्थेचा सहा महिन्यांचा कोर्स करायचा म्हटलं तरी त्याला आधी प्रवेश परीक्षा आहे आणि तिथेही यांचीच गाठ पडते. म्हणून आत्ता निवड करण्यासारखं खरं तर काही नाही. बॅकलॉग काढायचा अभ्यास, प्लेसमेंटचा अभ्यास आणि गेटचा अभ्यास, सेकंड इयरला हे तिन्ही एकच आहेत.

आता या आठवड्याचं काम. माझी कारखान्याची फजिती तुझ्या मशीनवर घडवून बघ. २०,००० चढत्या आकड्यांचा ॲरे (ओळीनं मांडलेली यादी) घे, बायनरी सर्च लिही, आणि लो, हाय, मिड हे तिन्ही इंटऐवजी शॉर्टमध्ये ठेव, म्हणजे ते दोन बाइटचे होतील. शेवटचा आकडा शोध. तो व्यवस्थित सापडेल! चूक दिसणारच नाही. मग बेरीज आधी एका वेगळ्या शॉर्ट व्हेरिएबलमध्ये साठव, आणि ते निम्मं करून मिड काढ. आता उणे १५,२६८ येईल. दोन्ही वेळा शॉर्टच, आकडेही तेच. मग पहिल्यांदा का सापडला, हे तुला शोधायचं आहे. उत्तर सापडलं की वहीच्या पानाचा फोटो पाठव, रकाने आखलेल्या. कोडचा नको.